ज्वारीला मोड येताना: सांगलीतले पाच दिवस

जानेवारीतल्या एका मंगळवारी पुण्यात, आमच्या बिअरच्या टॅपरूमच्या मागच्या खोलीत मी पाच तास मॅशच्या टाकीसमोर, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढतात त्या टाकीसमोर, उभी होते. नळ पूर्ण उघडा होता आणि खाली धार येत नव्हती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य; साठ टक्के जवाचा माल्ट आणि चाळीस टक्के ज्वारीचा, अशी ती बॅच होती. ज्वारीचा लगदा जाळीवर घट्ट बसला होता. शेवटी जे काही गाळून निघालं ते गढूळ, पिठूळ आणि जेमतेम गोड. पाचशे लिटरची बॅच सोडून द्यावी लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माल्ट सांगलीहून आला होता. कुपवाड एमआयडीसीत एक दादा आहेत. नाचणी, ज्वारी यांना मोड आणून, वाळवून ते लहान मुलांच्या सत्त्वाची पावडर करणाऱ्यांना पुरवतात. दोन वर्षांपासून बिअरसाठीही माल्ट करून बघताहेत. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ताई, माल्ट चांगला होता." मी म्हणाले, "दादा, मीही रोजच्यासारखंच केलं." दोघंही खरं बोलत होतो आणि बॅच तरी वाया गेली होती. चार-पाच फोन झाल्यावर तेच म्हणाले, "हे असं फोनवर न्हाई कळायचं. तुम्ही या की. मोड येताना बघा, मग दोघं मिळून ठरवू."

पहिला दिवस

सकाळी सहाला निघाले. गाडीत मागे दहा किलो जवाचा माल्ट, दोन थर्मामीटर, गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि हातानं फिरवायची छोटी गिरणी. साताऱ्यात चहा घेतला, कराडला थांबले नाही. पेठ नाक्याला डावीकडे वळून आष्ट्यावरून सांगली. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, ऊसतोड चालू होती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून जाताना वेगाचा प्रश्नच नव्हता. विचार करायला वेळ मिळाला.

मी बिअर करते ती राजस्थानच्या जवाची. जव, म्हणजे आपला सातू, रब्बीत पिकतो तो राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात. आपल्याकडे तो शेतात दिसतच नाही. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, बाहेरदेशातून येतात, यीस्टही. इथलं म्हणावं असं त्यात पाणी तेवढंच. मला गेली कित्येक वर्षं वाटत आलंय की पुण्यात केलेल्या बिअरमध्ये इथल्या रानातलं काहीतरी असावं, आणि ते लेबलवर छापण्यापुरतं नको, जिभेला कळावं. ज्वारीची बिअर काही मी शोधलेली नाही. आफ्रिकेत ती शतकानुशतकं होते आहे. नायजेरियानं १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रूअऱ्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं होतं. आणि ज्वारी आंबवून प्यायची म्हटलं तर आपल्याकडे आंबील आहेच. फक्त आपण तिला मोड आणून तिची बिअर केली नाही.

संध्याकाळी कुपवाडला पोचले. शेडचं दार उघडल्या उघडल्या वास आला, ओल्या मातीचा आणि काकडी नुकती चिरल्यावर येतो तसा. मोड चांगला येत असला की हाच वास येतो. दादा म्हणाले, "आज फक्त वास घ्या. बाकी उद्या." वहिनींनी जेवायला थांबवून घेतलं. राहायची सोयही त्यांनीच केली होती.

दुसरा दिवस

दादांनी माझ्यासाठी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली होती. ज्वारी भिजवण्यापासून माल्ट वाळेपर्यंत सहा-सात दिवस लागतात आणि मी होते पाचच दिवस. म्हणून त्यांनी चार पेट्या वेगवेगळ्या दिवशी लावल्या होत्या. दोन गार खोलीत, अठरा अंशांवर. दोन मागच्या पत्र्याच्या खोलीत, अठ्ठावीस अंशांवर. प्रत्येक खोलीत एक पेटी दोन दिवसांची, एक चार दिवसांची. एका सकाळी उभं राहून सगळा प्रवास दिसत होता.

माल्टिंग म्हणजे दाण्याला पेरणी झाल्याचा भास करून देणं. त्याला भिजवायचं, हवा द्यायची. दाणा जागा होतो आणि आतल्या पिठाचं साखरेत रूपांतर करणारी एन्झाइम्स तयार करू लागतो, कारण त्याला कोंब वाढवायचा असतो. ती पुरेशी तयार झाली की आपण त्याला भट्टीत वाळवून तिथंच थांबवतो. पुढे टाकीत गरम पाणी घातलं की तीच एन्झाइम्स पुन्हा कामाला लागतात आणि ती साखर यीस्टच्या वाट्याला येते. चांगली ब्रूअरी वाईट माल्टला वाचवू शकत नाही. मला हे पाठ होतं. कळलं मात्र त्या पेट्यांसमोर.

गार खोलीतली चार दिवसांची पेटी आधी बघितली. दाण्यांना पांढरं टोक फुटलेलं होतं, बस तेवढंच. पत्र्याच्या खोलीतल्या चार दिवसांच्या पेटीत बोटाच्या पेराहून लांब कोंब आणि मुळ्यांचं जाळं. दादांनी दोन्हीकडचे दोन-दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "नखानं दाबा." गार पेटीतला दाणा टोकाला मऊ आणि मध्ये टणक होता, दाबला की आतला काचेसारखा गाभा नखाखालून सटकायचा. उबेतला दाणा खडूसारखा चुरला, बोटावर पांढरी रेघ उमटली. तो चुरा मी चाखला. गोड होता.

जव थंडीतलं पीक. त्याला मोड आणायचे ते पंधरा ते अठरा अंशांवर. ज्वारी उष्ण मुलखातली. तिला पंचवीस ते तीस लागतात. पहिला लॉट दादांनी गार खोलीत, कूलर लावून, विजेचं बिल भरून केला होता. आणि तसं करा म्हणून वेळापत्रक पाठवलं होतं मी. जवाचं वेळापत्रक, आकड्यांसकट. ते आठवल्यावर मी दादांना तिथंच सांगितलं, "चूक माझी होती." ते म्हणाले, "थांबा, माझी अजून सांगायचीय." पण ती त्यांनी उद्यासाठी राखून ठेवली.

दुपारभर मी पेट्या परतायला शिकले. वाढणारा दाणा उष्णता सोडतो. पेटीच्या मध्यात हात खुपसला तर तापलेल्या कपाळावर हात ठेवल्यासारखं लागतं. दिवसातून तीनदा परतलं नाही तर मुळ्या एकमेकींत गुंततात, चटई होते, मध्ये हवा जात नाही आणि बुरशी धरते. दोन्ही हात तळापर्यंत घालायचे, खालचं वर आणायचं, बोटं उघडून सोडून द्यायचं. जोर लावला तर कोंब मोडतात. वहिनी हे इतक्या सहज करतात की माझ्या एका पेटीच्या वेळात त्यांच्या तीन होतात. रात्री अकराच्या पाळीला मी त्यांच्याबरोबर उठले. पत्र्याच्या खोलीत बाहेरच्यापेक्षा ऊब होती. आम्ही दोघी न बोलता परतत होतो.

त्याआधी संध्याकाळी उबेतली चार दिवसांची पेटी भट्टीत गेली. भट्टी म्हणजे बेदाण्याचं जुनं ड्रायर, तासगावकडून घेऊन दादांनी त्यात जाळ्या बदलून घेतलेलं. इथंही मागच्या वेळी जवाचाच नियम लावला होता: शेवटी पंच्याऐंशी अंश. ओल्या दाण्याला एकदम जास्त उष्णता दिली की एन्झाइम्स मरतात, आणि ज्वारीत ती मुळात जवापेक्षा कमी. या वेळी आम्ही ठरवलं, ओल कमी होईपर्यंत पन्नास आणि शेवटी साठ. त्यापुढे नाही. वेळ जास्त लागला तरी चालेल.

तिसरा दिवस

सकाळी लवकर जतला निघालो. मिरज, कवठेमहांकाळ, मग जत. पश्चिमेची सांगली म्हणजे ऊस आणि पूर. पूर्वेची सांगली म्हणजे माळ, कुसळं आणि टँकर, असं लहानपणापासून ऐकलेलं. आता म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून इकडे आणलंय, आणि जिथं पाणी पोचलं तिथं द्राक्षं, डाळिंबं, ऊस आले. ते येणारच होते. ज्वारी उरली ती जिथं पाणी नाही किंवा जिथं घरच्या भाकरीचा हट्ट आहे तिथं.

दादांच्या ओळखीच्या आप्पांच्या रानात ज्वारीची काढणी चालू होती. रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कंबरेत वाकून दोन्ही हातांनी ताट धरायचं आणि मुळासकट ओढायचं, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, पेंढी बांधायची. भेगाळलेल्या काळ्या रानात ते किती जड आहे हे एक ओळ उपटून बघितल्यावर कळलं. मालदांडी ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाला आता किती वर्षं झाली, पण भाकरीसाठी अजून तिचंच नाव घेतात. मोत्यासारखा पांढरा दाणा. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पिकते म्हणून तो असा स्वच्छ राहतो. खरिपाची ज्वारी पक्व होताना पावसात सापडली की दाण्यावर काळी बुरशी येते आणि माल्टच्या पेटीत ती बुरशी कोंबाच्या आधी जागी होते.

बांधावर बसल्यावर दादांनी आपली चूक सांगितली. पहिल्या लॉटची ज्वारी बाजारातल्या व्यापाऱ्याकडची होती. दिसायला याहूनही सुंदर. पण किती दिवस साठवलेली, कशात ठेवलेली, काय धुरी दिलेली, काही विचारलं नव्हतं. "भाकरीला चांगली ती मोडाला चांगली असं मी धरून चाललो. शंभरातले तीस दाणे मेलेले होते, ताई. मला पेटीत दिसत होतं. तरी मी पाठवली." मेलेला दाणा भिजतो, फुगतो, आणि त्याचं फक्त पीठ राहतं. माझ्या जाळीवर जो लगदा बसला त्यातला बराचसा हाच.

ज्वारी कशासाठी हवी हे आप्पांना कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. गळ्यात तुळशीची माळ होती. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, तू लांबनं आलीस, जेवून जा. पण माझ्या रानातली ज्वारी मी त्याला न्हाई द्यायचा." मी काही समजावायला गेले नाही. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण आलं आणि पुढे त्यावरून महाराष्ट्रभर जो वाद झाला तो मला आठवत होता, आणि धान्य खाण्यासाठी असतं हे म्हणणाऱ्यांचं बोलणं मला तेव्हाही पोकळ वाटलं नव्हतं. आमचा हिशेब लहान आहे: पाचशे लिटरच्या एका बॅचला चाळीस किलो ज्वारीचा माल्ट, म्हणजे पन्नास किलोच्या आसपास ज्वारी. त्यासाठी बाजारभावापेक्षा जास्त द्यायची माझी तयारी होती, आणि आजही आहे. पण माळ घातलेल्या माणसासमोर तो हिशेब मांडणं मला बरं वाटलं नाही. आप्पांनी नाही म्हटलं, ते नाहीच.

त्यांच्या पुतण्याचं रान शेजारी. त्यानं स्वतःहून दादांना बाजूला बोलावलं. त्याची मळणी दोन दिवसांपूर्वी झाली होती. त्याच्याकडून नमुन्याला एक पिशवी घेतली, पैसे देऊन.

परतताना एक गोष्ट बघितली ती सांगायलाच हवी. एका कडेला ठिबकचं पाणी पडून ज्वारीच्या खोडांना हिरवेगार फुटवे आले होते. आप्पांची म्हैस तिकडे ओढ घेत होती आणि त्यांचा नातू तिला ताकदीनं मागे खेचत होता. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे इथं पोरालाही माहीत आहे. कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. माल्टच्या कोंबांतही तेच. जवाचा कोंब सालीखाली राहतो आणि फक्त मुळ्या झाडाव्या लागतात. ज्वारीला तशी साल नाही, कोंब आणि मुळ्या दोन्ही बाहेर येतात, आणि दोन्ही काढून टाकाव्याच लागतात. दादा ते वाळल्यावर जाळीवर घासून पाखडतात आणि जमिनीत पुरतात, जनावराला घालत नाहीत. मी विचारलं होतं तेव्हा त्यांनी इतकंच सांगितलं होतं की नाचणीपेक्षा ज्वारीला घासायला जास्त वेळ लागतो. का लागतो ते त्या पोराच्या हातातल्या दाव्याकडे बघून कळलं.

रात्री दादांनी पुतण्याच्या ज्वारीतले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, फडकं गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. मग दुसरे शंभर. "बहात्तर तासांनी मोजू." तोवर मी पुण्यात असणार होते.

चौथा दिवस

सकाळी हरिपूरला गेलो, कृष्णा-वारणेच्या संगमावर. संगमेश्वराचं दर्शन घेतलं आणि मग हळदीची पेवं बघितली. जमिनीत खोल खणलेले, तोंड अरुंद आणि पोट मोठं असे खड्डे. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आतला ऑक्सिजन संपतो. २००५ च्या महापुरात इथल्या कित्येक पेवांत पाणी शिरलं. जी उरलीत त्यांतलं एक उघडं होतं. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही, काही तास तोंड मोकळं ठेवतात. आत साठलेल्या वायूनं माणूस गुदमरतो. मला आमची टाकी आठवली. बिअर आंबून झाल्यावर फर्मेंटरच्या तळाशी हाच कार्बन डायऑक्साइड असतो, आणि नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी शिकवते ते हेच की आत डोकं घालायचं नाही. पूर्वी ज्वारीही अशीच पेवात ठेवायचे. भाकरीला ती चालते. मोडाला ती मेलेलीच.

दुपारी वहिनींच्या स्वयंपाकघरात खरं काम सुरू झालं. बिअर सांगलीत करता येत नाही, परवाना जागेचा असतो आणि आमची जागा पुण्यात. पण यीस्ट घालेपर्यंत ते नुसतं गोड पाणी असतं, वर्ट. ते कुठंही करता येतं. भट्टीतला नवा माल्ट सकाळीच घासून, पाखडून तयार होता.

पहिल्या पातेल्यात जुन्या लॉटचा माल्ट अर्धा किलो, दोन लिटर पाण्यात, पासष्ट अंशांवर एक तास. दुसऱ्यात नवा माल्ट, तसाच. हीच माझी जानेवारीची पद्धत. तासाभरानं दोन्हींतला एकेक थेंब पांढऱ्या बशीवर ठेवला, निवल्यावर त्यावर मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब. दोन्ही काळेनिळे झाले. जुना एकदम शाईसारखा, नवा जरा फिका. म्हणजे पिठाची साखर झालेली नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर जुना पाच, नवा आठ.

माल्ट सुधारला होता आणि तरी पुरेसं नव्हतं. कारण माझ्या बाजूला होतं. जवाचं पीठ साधारण साठ-पासष्ट अंशांना फुलतं आणि एन्झाइम्सही त्याच तापमानाला काम करतात. ज्वारीचं पीठ फुलायला जवळजवळ सत्तर किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तिथवर जाईतो एन्झाइम्स मरतात. कुलूप उघडेपर्यंत किल्ली वितळून जावी तसं.

तिसऱ्या पातेल्यात आम्ही निवळीची पद्धत केली. आफ्रिकेतल्या ज्वारीच्या बिअरवर काम करणाऱ्यांनी ती वापरलेली आहे. ज्वारीचा माल्ट पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला. एन्झाइम्स पाण्यात उतरतात आणि पीठ तळाला बसतं. वरची निवळ वहिनींनी पळीनं अलगद काढून बाजूला ठेवली. ताकावरची निवळ काढायची सवय असलेल्या हाताला यात काही शिकवावं लागलं नाही. खालचा गाळ वीस मिनिटं ढवळत शिजवला. त्याची पतंगाला लावतात तशी खळ झाली. पळी ओढली तर मागे चर राहायचा. मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून पासष्टवर आणलं आणि काढून ठेवलेली निवळ त्यात परत ओतली.

पुढची दहा मिनिटं आम्ही चौघं त्या पातेल्यावर वाकून उभे होतो. चौथा दादांचा मुलगा, सातवीतला. खळ पळीखाली पातळ होत गेली. आधी कडेनं सुटली, मग पळीवरून धार पडायला लागली, मग चर राहायचाच बंद झाला. वरून काही घातलं नव्हतं, तिचंच पाणी तिला परत दिलं होतं. आयोडीनचा पहिला थेंब काळानिळा, पंधरा मिनिटांनी जांभळा, चाळीस मिनिटांनी पिवळा होता तसाच राहिला. रिफ्रॅक्टोमीटरवर तेरा. मुलानं ते कपभर प्यायलं आणि आणखी मागितलं.

मी आनंदात असताना दादांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती होती. "ताई, तुमच्या बॅचमध्ये साठ टक्के जवाचा माल्ट असतो. त्याच्यात एन्झाइमं भरपूर. मग ज्वारीला मोड आणायचा हा कुटाणा कशाला? साधं ज्वारीचं पीठ शिजवून घाला की. माझं गिऱ्हाईक गेलं तर गेलं, पण खरं सांगा."

स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाणारा प्रश्न कुणी असा सरळ विचारतो तेव्हा उत्तरही अंदाजानं देता येत नाही. बरोबर आणलेला जवाचा माल्ट घेऊन आम्ही आणखी दोन पातेली लावली. एकात चाळीस टक्के साधं ज्वारीचं पीठ शिजवून, दुसऱ्यात चाळीस टक्के ज्वारीचा माल्ट निवळीच्या पद्धतीनं. दोन्हींची गोडी सारखी, बारा आणि साडेबारा. आकड्यांत दादांचा प्रश्न बरोबर ठरत होता. मग वहिनींनी स्वयंपाकघराबाहेर जाऊन दोन वाट्या भरल्या, कुठली कशाची ते आम्हाला न सांगता. एका वाटीत गोड पेज होती, चांगली, पण पेज. दुसरीत तव्यावरून चुलीच्या निखाऱ्याला लावलेल्या भाकरीचा पापुद्रा होता, तो फुगतो आणि कडेला जरासा करपतो तेव्हाचा वास. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "ही माझी." बरोबर होतं. शिवाय मोड येताना दाण्यातली प्रथिनंही सुटतात आणि यीस्टला खायला मिळतं, हे मी नंतर सांगितलं. पण फैसला त्या वाटीनं केला होता.

पाचवा दिवस

सकाळी चहाबरोबर वहीत लिहून काढलं. ज्वारी घेण्याआधी शंभर दाण्यांची चाचणी, पंच्याण्णवच्या खाली असेल तर लॉट घ्यायचा नाही, कितीही स्वस्त असो. मोड अठ्ठावीस अंशांवर, भट्टी साठपर्यंत. प्रत्येक पोत्यावर रान, मळणी आणि भट्टी यांच्या तारखा. माझ्याकडून प्रत्येक मॅशच्या नोंदी दादांना त्याच रात्री. माझ्या गिरणीचे रूळ जवासाठी लावलेले आहेत, ज्वारीचा लहान दाणा त्यातून अख्खा निसटतो हेही मी बरोबर आणलेल्या नमुन्यावर दाखवलं. ते अंतर कमी करणं माझं काम. पहिल्या तीन बॅचमध्ये काही बिघडलं तर नुकसान अर्धं-अर्धं. हे दादांनीच सुचवलं. मी म्हटलं, मग टॅपरूममधल्या फळ्यावर नावंही दोन लागतील, ब्रूअरीचं आणि माल्टवाल्याचं, एकाच मापाच्या अक्षरांत. ते थोडे संकोचले. वहिनी म्हणाल्या, "लागू द्या की."

निघताना गाडीत तीस किलो नवा माल्ट आणि वहिनींनी दिलेलं भडंग. आयर्विन पुलावर पाच मिनिटं थांबले. १९२९ सालचा हा पूल. पुराच्या दिवसांत सगळी सांगली त्याच्यावरच्या फुटांच्या आकड्याकडे बघत असते. फेब्रुवारीत कृष्णा खाली, शांत होती. मग पेठ नाक्यावरून वाट वाकडी करून शिराळ्याला गेले. तिकडे भात पिकतो, आणि भातगिरणीत तूस मिळतं. ज्वारीला साल नसल्यामुळे जाळीवर तिचा गच्च थर बसतो. त्यात भाताचं तूस मिसळलं की पाण्याला वाट मिळते. गिरणीवाल्यांनी दोन पोत्यांचे पैसे घेतले नाहीत. रात्री नऊला पुण्यात पोचले.

दुसऱ्या दिवशी रात्री दादांचा फोटो आला. दोन फडकी उलगडून शेजारी शेजारी, प्रत्येकावर दहा ओळी. खाली लिहिलं होतं: "पुतण्याची ज्वारी. साध्या पाण्यात ८८. दुसऱ्या फडक्याला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ करून लावलं होतं, त्यात ९७. म्हणजे दाणे मेलेले न्हाईत, झोपलेत. नवी मळणी हाय. तीन आठवडे पोत्यात राहू द्या म्हणून त्याला सांगितलंय. तोवर भिजवत न्हाई."

मी मॅशची तारीख पुसली आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी लिहिली.